सोलापूरहून क्रूझला निघताय? पहिला दिवस असा आखा

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, वडिलांची पंच्याहत्तरी, कापड व्यापाऱ्यांची डीलर मीटिंग अशा निमित्तानं आपल्याकडची बरीच मंडळी आता मुंबईहून क्रूझला जातात. आम्ही घरातली लहानथोर सगळी जाऊन आल्यापासून ओळखीतले लोक निघायच्या आधी फोन करतात. प्रश्न ठरलेले असतात. कुठली गाडी धरायची? बॅगा कुणाकडे द्यायच्या? आईला बोट लागेल का? जेवण आपल्यासारखं मिळेल का? हे जवळजवळ सगळे प्रश्न पहिल्या दिवसाचे आहेत. दुसऱ्या दिवसापासून जहाज तुम्हाला सांभाळून घेतं, पहिला दिवस मात्र तुम्हालाच सांभाळावा लागतो.

क्रूझचे पैसे रात्रींच्या हिशेबानं लागतात, आणि चढण्याचा दिवस त्यात पूर्ण धरलेला असतो. दुपारी लवकर चढलात तर जेवण, पोहण्याचा तलाव, डेक हे सगळं त्या दिवशीही तुमचं असतं. धावतपळत शेवटच्या तासात पोचलात तर तो दिवस रांगेत जातो, आणि समोरून मुंबई मागे सरकत असते तेव्हा तुम्ही केबिनमध्ये बॅग शोधत असता. म्हणून जे सांगतोय ते निघण्याच्या आठवडाभर आधीपासून सुरू होतं.

हे लिखाण मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा देशांतर्गत सफरींना जाणाऱ्यांसाठी आहे. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा धरून चला. सिंगापूर किंवा दुबईहून क्रूझ घेणार असाल तर विमान आणि व्हिसा वाढतो, जहाजावरचा पहिला दिवस बराचसा असाच असतो.

१. कागदपत्रं आठवडाभर आधी एका पाकिटात

घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं पाकीट करू नका. एकाच माणसाकडे एकच फोल्डर असू द्या, आणि तो माणूस रांगेत सगळ्यात पुढे. त्यात हे हवं:

- क्रूझचं बुकिंग आणि वेब चेक-इन केल्यावर मिळणारा बोर्डिंग पास, छापील प्रतीसह
- प्रत्येकाचं फोटो आणि पत्ता असलेलं मूळ सरकारी ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट. नुसत्या पॅन कार्डावर विसंबू नका
- लहान मुलांचं आधार किंवा जन्मदाखला
- सफर श्रीलंकेसारख्या परदेशी बंदराला लागणार असेल तर किमान ६ महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट आणि लागत असल्यास व्हिसा
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांची चिठ्ठी
- रेल्वेचं येण्याजाण्याचं तिकीट

बुकिंगवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः जुळतंय का ते आजच बघा. आपल्याकडे हा घोळ फार होतो. लग्नानंतर बदललेलं आडनाव आधारवर जुनंच असतं, वडिलांचं नाव मधे कधी असतं कधी नसतं, कन्नड-तेलुगू घरांत आद्याक्षरं पुढे की मागे याचा मेळ नसतो. नाव दुरुस्त करायला एजंटाला दोन दिवस लागतात, टर्मिनलवर दोन मिनिटांत ते होत नाही.

दोन अटी आधीच विचारून घ्या, कारण त्या ऐनवेळी कळल्या तर माणूस गेटवरून परत येतो. गरोदरपणाचे २४ आठवडे सुरू झाले असतील तर बहुतेक कंपन्या चढू देत नाहीत, आणि बाळ ६ महिन्यांच्या आतलं असेल तरीही नाही. घरात व्हीलचेअर लागणारं कुणी असेल तर तेही बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

पैशांचं एक इथेच सांगतो. जाहिरातीतला आकडा आणि शेवटी भरायचा आकडा यांत बंदर शुल्क, सेवाशुल्क आणि जीएसटीचा फरक असतो. दारू, स्पा, किनाऱ्यावरची सहल, वायफाय हे सहसा भाड्यात नसतं. एजंटाकडून ही यादी लेखी मागा. तोंडी 'सगळं इन्क्लूडेड आहे' ऐकून गप्प बसू नका.

२. गाडी: रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा

माझा सल्ला ठाम आहे. सिद्धेश्वर रात्री साडेदहाच्या सुमारास सोलापूर सोडते आणि सकाळी तुम्हाला सीएसएमटीला उतरवते. गाडीला दोन तास उशीर झाला तरी तुमच्या हातात वेळ उरतो.

वंदे भारत सोयीची वाटते, आणि आहेही. १० फेब्रुवारी २०२३ पासून ती सुरू झाल्यावर मुंबई साडेसहा तासांवर आली. पण ती सकाळी सहाच्या सुमारास निघून सीएसएमटीला साडेबाराच्या पुढे पोचते, आणि क्रूझचं चेक-इन दुपारीच चालू असतं. दौंडपाशी किंवा घाटात गाडी अडकली की तुमचं सगळं वेळापत्रक त्या एका सिग्नलवर लटकतं. शिवाय आठवड्यातून एक दिवस ती नसते. परतीला खुशाल वंदे भारत घ्या, जाताना नको.

स्वतःच्या गाडीनं जाणार असाल तर आदल्या दिवशी पोचा. सोलापूर ते मुंबई चारशे किलोमीटर आहे, आणि शुक्रवार-शनिवारी खंडाळ्याच्या घाटात गाड्यांची रांग लागली की कुणाचंच काही चालत नाही. क्रूझ बऱ्याचदा त्याच दिवसांत सुटतात.

जहाज थांबेल अशी आशा ठेवू नका. बंदरात त्याच्या सुटण्याची वेळ नेमून दिलेली असते, जहाजाला बंदरातून वाट दाखवणारा पायलट ठरलेल्या वेळी चढतो, जहाज ओढणाऱ्या टग बोटी त्या वेळेला बांधलेल्या असतात. तिकिटावर सुटण्याची वेळ पाच असेल तर तुमच्यासाठी महत्त्वाची वेळ ती नाही. चेक-इन बंद होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी असते. ती शोधा आणि घरातल्या सगळ्यांना तीच सांगा.

सकाळी सीएसएमटीला उतरल्यावर वेटिंग रूममध्ये अंघोळ-तोंड धुणं उरकून घ्या. बॅगांना कुलूप असेल तर क्लोकरूममध्ये ठेवता येतात. मग फोर्टात शांतपणे नाश्ता करा, म्हातारी माणसं असतील तर स्टेशनातच बसू द्या. उन्हात हिंडून दमून जहाजावर चढण्यात काही अर्थ नाही.

३. दोन बॅगा, आणि त्यांतली छोटी जास्त महत्त्वाची

मोठी बॅग टर्मिनलवर तुमच्या हातून घेतली जाते. तिला केबिन नंबरचा टॅग लागतो, तपासणी होते, आणि ती थेट केबिनच्या दाराशी येते. कधी तासाभरात, कधी संध्याकाळी जहाज सुटल्यावर. तोपर्यंत तुमच्याजवळ फक्त खांद्यावरची पिशवी असते. तिच्यात असू द्या: कागदपत्रांचं फोल्डर, सगळी औषधं, चष्मा, फोनचा चार्जर, पोहायचे कपडे, मुलांचा एक जोड, दागिने असतील तर ते, आणि एक शाल. इन्सुलिन मोठ्या बॅगेत कधीच टाकू नका. केबिनमध्ये फ्रिज आहे का हे आधी विचारा, नसेल तर जहाजावरच्या दवाखान्यात ठेवायची सोय होते का तेही.

शालीचं मुद्दाम लिहिलं. आपल्या माणसाला चादर घेतल्याशिवाय प्रवास पुरा वाटत नाही, पण चादर आणि टॉवेल जहाजावर भरपूर असतात, उगाच अर्धी बॅग भरते. जेवणाच्या हॉलमधला एसी मात्र गार असतो, आणि रात्री डेकवर वारा सुटतो. तिथे शाल लागतेच. आपल्याला कोरड्या उन्हाची सवय, समुद्रावरची हवा दमट आणि खारी. सुती कपडे घ्या. पुरुषांनी रात्रीच्या जेवणासाठी एक फुल पॅंट आणि बंद बूट ठेवावेत, हाफ पॅंटवर मुख्य डायनिंग हॉलमध्ये सहसा सोडत नाहीत. ओल्या डेकवर घसरणार नाहीत अशा चपला हव्यात.

न्यायचं नाही ते: इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, इंडक्शन, एक्स्टेन्शन बोर्ड, चाकू, काडेपेटी, लायटर, मेणबत्ती, बाहेरची दारू, ड्रोन. रोज पूजा करणाऱ्यांनी हे नीट ऐकावं: अगरबत्ती, कापूर, निरांजन केबिनमध्ये लावता येत नाही. भर समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते, आणि प्रत्येक केबिनमध्ये धूर ओळखणारं यंत्र असतं. छोटी मूर्ती किंवा तसबीर घ्या, हात जोडा, तेवढं पुरे.

जहाजं बहुतेक परदेशी बांधणीची असतात, त्यामुळे आपली तीन पिनांची पिन बसेलच असं नाही. चपट्या आणि गोल, दोन्ही पिनांना चालणारा एक ट्रॅव्हल अॅडॉप्टर घ्या.

शेंगाचटणी आणि कडक भाकरीबद्दल हमखास विचारणा होते. घरचा डबा बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत. तो रेल्वेत संपवा. दुकानातलं सीलबंद पाकीट चालतं का, हे बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. मी विचारायला नक्की सांगेन, कारण जहाजावरचं जेवण चांगलं असलं तरी आपल्या जिभेला सौम्य लागतं.

४. बॅलार्ड पिअर: टॅक्सीवाल्याला नेमकं काय सांगायचं

मुंबईचं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पिअरला आहे, सीएसएमटीहून टॅक्सीनं अगदी थोडं अंतर. टॅक्सीवाल्याला 'बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट' असं सांगा. नुसतं 'बोटीला जायचंय' म्हणालात तर तो गेटवेला नेईल किंवा भाऊच्या धक्क्याला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट सुटते, तुमचं जहाज नाही. बुकिंगवर दुसरं गेट छापलं असेल तर तेच खरं.

आतला क्रम असा असतो: गेटवर ओळखपत्र, मग मोठ्या बॅगा टॅग लावून देणं, सुरक्षा तपासणी, चेक-इन काउंटर, फोटो, आणि हातात केबिनचं कार्ड. मग गँगवेवरून, म्हणजे चढायच्या पुलावरून, जहाजात. हे कार्डच तुमची किल्ली, तुमचं ओळखपत्र आणि तुमचं पाकीट. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, सगळी खरेदी कार्डावर चढते आणि शेवटी हिशेब होतो. मुलांच्या कार्डावरची खरेदी काउंटरवरच बंद करून घ्या.

परिसर सुरक्षा दलाच्या ताब्यात असतो आणि शेजारीच नौदलाची गोदी आहे. तिकडे कॅमेरा रोखू नका.

रांगेत उभं असताना मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस, १९१० साली सोलापुरात जन्मलेले, १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले ते याच मुंबई बंदरातून बोटीनं. भैय्या चौकातलं त्यांच्या घरातलं स्मारक मुलांनी पाहिलेलं असतं. ते घर आणि हा समुद्र यांची सांगड इथे उभं राहिल्यावर पटकन बसते.

५. चढल्यावरचे पहिले दोन तास

केबिन लगेच तयार नसते. त्यामुळे कॉरिडॉरमध्ये ताटकळू नका, सरळ बुफेच्या डेकवर जा. दुपारचं जेवण भाड्यात धरलेलं असतं. भारतीय, शाकाहारी, जैन असे पदार्थ आपल्याकडच्या सफरींवर मिळतात. जैन किंवा उपवासाचं हवं असेल तर पहिल्याच जेवणाला तिथल्या प्रमुखाला भेटून सगळ्या दिवसांचं सांगून ठेवा.

जेवणाआधी हात साबणानं धुवा. दारात सॅनिटायझर असतो, पण जहाजावर पसरणाऱ्या जुलाब-उलटीच्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, साबण-पाणी चालतं. एवढी माणसं एका छताखाली आणि एकाच बुफेवर जेवतात, तिथे ही गोष्ट हलक्यात घेण्यासारखी नाही.

जेवण झाल्यावर कामं वाटून घ्या. एकजण रात्रीच्या जेवणाची वेळ आणि टेबल पक्कं करेल. आठ-दहा जणांचं कुटुंब असेल तर एकत्र टेबल आत्ताच मागा, रात्री ते मिळत नाही. दुसरा शोच्या जागा आणि गोव्याची सहल बघेल. तिसरा मुलांना घेऊन किड्स क्लबमध्ये नाव नोंदवेल. उरलेल्यांनी जहाजाची एक फेरी मारावी: जिना कुठे, दवाखाना कुठे, आपल्या केबिनकडे कुठल्या लिफ्टनं जायचं. पहिल्या दिवशी सगळे कॉरिडॉर सारखेच दिसतात, आणि म्हातारी माणसं त्यातच घाबरतात. त्यांना केबिन नंबर आणि डेक मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी द्या, ती कार्डापासून वेगळी ठेवायला सांगा. कार्ड हरवलं तर सापडणाऱ्याच्या हाती खोली लागू नये म्हणून केबिन नंबर कार्डावर मात्र लिहू नका.

६. ड्रिल चुकवू नका

जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच सुरक्षा ड्रिल होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा, ही धोक्याची खूण. मिलचा भोंगा ऐकत मोठी झालेली आपली वडीलधारी मंडळी तो आवाज ऐकून दचकतात, कारण तो तसाच पोटात घुमतो. त्यांना आधी सांगून ठेवा.

तुमची जमायची जागा केबिनच्या दारामागे आणि बहुधा कार्डावरही छापलेली असते. लिफ्ट वापरायची नाही, जिन्यानं जायचं. लाइफ जॅकेट कसं घालायचं ते तिथे दाखवतात. लहान मुलांच्या मापाचं जॅकेट केबिनमध्ये आहे का ते त्याच दिवशी बघा, नसेल तर मागून घ्या.

ही ड्रिल पूर्वी चोवीस तासांत कधीही घेतली तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल व्हायची होती. त्या अपघातात ३२ माणसं गेली. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि ड्रिल सुटण्याच्या वेळेला बांधली गेली. मागच्या रांगेत बसून फोनवर रील बघणारी माणसं दिसली की मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या घरातली मंडळी तरी तशी नसावीत.

७. जहाज सुटताना उजव्या बाजूला उभे राहा

हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगतो. बॅलार्ड पिअरहून निघाल्यावर जहाज दक्षिणेकडे जातं आणि मुंबई शहर उजव्या हाताला राहतं. अर्धा तास आधी वरच्या उघड्या डेकवर उजवीकडची कठड्यालगतची जागा धरा. आधी नौदलाची गोदी, मग ताज आणि १९२४ साली पुरं झालेलं गेटवे, मग कुलाबा, आणि शेवटी कुलाब्याच्या टोकाशी पाण्यातच उभं असलेलं १८७५ सालचं प्राँग्स दीपगृह. संध्याकाळची वेळ असेल तर सूर्यही त्याच बाजूला उतरतो. घारापुरी आणि उरण बघायचं असेल तर डावीकडे जा, पण आधी उजवीकडे.

बंदर मागे पडल्यावर एक छोटी बोट जहाजाला येऊन चिकटते आणि चालत्या जहाजावरून दोरीच्या शिडीनं बंदराचा पायलट तिच्यात उतरतो. मुलांना हे दाखवाच. सिद्धेश्वर तलाव आणि हिप्परगा पाहून वाढलेल्या पोरांना पाणी माहीत असतं, पण हे काम त्यांनी कधी पाहिलेलं नसतं.

मुलांना कठड्यावर चढू देऊ नका, उचलून बसवूही नका. फोटोसाठीसुद्धा नाही.

८. बोट लागण्याची तयारी बंदरातच

शरीराला हेलकावे जाणवतात, डोळ्यांना मात्र केबिनच्या स्थिर भिंती दिसतात. कान आणि डोळे वेगवेगळं सांगू लागले की मळमळतं. ज्यांना एसटीत किंवा घाटात गाडी लागते त्यांनी सोलापूर सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारून गोळी घेऊन ठेवावी, आणि जहाज उघड्या समुद्रात जाण्याच्या तासभर आधी ती घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. रक्तदाब, काचबिंदू, प्रोस्टेट यांची औषधं चालू असलेल्यांनी मनानं गोळी घेऊ नये.

बुकिंग करतानाच जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या डेकवरची केबिन मागा. तिथे हलणं सगळ्यात कमी. मळमळायला लागलं तर केबिनमध्ये आडवं होऊन फोन बघू नका. उघड्यावर या, लांब क्षितिजाकडे बघा, आल्याची वडी चघळा. पोट रिकामं ठेवणं आणि तडस लागेपर्यंत खाणं, दोन्ही वाईट. हंगामात समुद्र बऱ्याचदा शांत असतो आणि बहुतेकांना काही होत नाही, हे आईला दोनदा सांगा. निम्मा त्रास भीतीचा असतो.

९. फोन, आणि फोनशिवाय एकमेकांना शोधणं

किनारा दूर गेला की रेंज जाते. त्यानंतर फोन जहाजाचं उपग्रहावर चालणारं नेटवर्क पकडू शकतो, आणि त्याचं बिल रोमिंगच्या भयंकर दरानं येतं. रेंज जायच्या आत घरी फोन करा, मग फोन एअरप्लेन मोडवर टाका. वायफाय लागलंच तर एकाच फोनसाठी घ्या.

मग एकमेकांना शोधायचं कसं? चढल्याबरोबर एक जागा आणि वेळा ठरवा. उदाहरणार्थ, दर दोन तासांनी पाचव्या डेकवरच्या रिसेप्शनसमोर. मोठ्या कुटुंबात याच्याइतकं उपयोगी काही नाही.

१०. रात्री झोपण्याआधी

केबिनमध्ये किंवा जहाजाच्या ॲपवर दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम येतो. तो वाचा, आणि त्यात बंदरावरून जहाजावर परत यायची वेळ शोधून फोनवर अलार्म लावा. गोव्यात उतरल्यावर ती वेळ चुकली तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. सकाळच्या नाश्त्याला साडेआठनंतर फार गर्दी होते, सातला गेलात तर खिडकीजवळचं टेबल मिळतं. उतरताना केबिन कार्डाबरोबर मूळ ओळखपत्रही लागतं, ते फोल्डरमधून काढून रात्रीच पिशवीत ठेवा.